उपाशीपोटी, अर्धा तास आधी

साडेपाचला कॅप्सूल.
अर्धी जांभळी, अर्धी पांढरी,
एका घोटात. चावायची नाही, उघडायची नाही.
मी एकदा उघडली. आत बाजरीहून बारीक गोळ्या,
ताटलीत पसरून उगाच प्रत लावत बसलो.
मग अर्धा तास काही नाही.
चहा नाही, बिडी तर नाहीच नाही.

बत्तीस वर्षं नंदुरबारच्या बाजारात मिरची पारखतो मी.
ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा,
तळातली एक काढायची, कानाशी हलवून बी ऐकायचं,
मोडायची, आणि बियांसकट जिभेवर.
लिलावाआधी शेटजी माझ्या तोंडाकडे बघत.
डोळ्यांत पाणी आलं की भाव चढायचा.
दिवसाला साठ-सत्तर वक्कल. थुंकायचं असतं खरं तर.
थुंकता थुंकता किती गिळलं
ते कुठल्या पट्टीत लिहिलंय?

रात्री छातीत कोणी चूल मांडायचं.
आधी सोडा, मग गुलाबी पातळ औषध, बाटलीच तोंडाला,
मग टपरीवरच्या चघळायच्या गोळ्या, खडूसारख्या.
सदऱ्याच्या एका खिशात बिडी, एका खिशात त्या.
दोन उशांच्या तीन झाल्या.
बायको म्हणायची, बसूनच झोप मग, रखवालदारासारखा.

धुळ्याला घशातून नळी घातली.
पडद्यावर माझंच पोट, ओलं, चकाकतं.
मी आडवा, दातांत कडं, बोलता येईना,
पण नजर थोडीच थांबते?
रंग चांगला. ओल फार. मधे मधे डाग.
खालच्या अंगाला दोन ठिकाणी फटकी.
दोन नंबरचा माल. मी तरी घेतला नसता.

डॉक्टर वळवी, धडगावकडची पोरगी,
रिपोर्ट वाचता वाचता म्हणाली,
किती वर्षं जळतंय, काका?
म्हटलं, सवय झाली.
तिने लिहिलं, आठ आठवडे.
मग पेन बंद केलं, वर न बघता म्हणाली,
आई माझी नंदुरबारला पथारीवर होती. देठ खुडायला.
रात्री हात चिखलात घालून पडायची.
आम्हाला हाताने घास भरवला नाही कधी,
रडलो तर डोळे पुसले नाहीत.
पेन पुन्हा उघडलं. मिरची बंद, तिने लिहिलं.

हा अर्धा तास माझ्या ओळखीचा नव्हता.
ओट्यावर बसतो, घड्याळ बघतो.
आतून ती विचारते, चहा मांडू का?
आजून येळ शे.
पावणेसहाला ट्रॅक्टर येतो, मागे ट्रॉलीभर बाया,
तोंडाला फडकी, डोळे तेवढे उघडे,
थंडीत हात काखेत दाबून.
इतकी वर्षं ही ट्रॉली माझ्या दारावरून गेली,
मी तेव्हा बशीत चहा फुंकत होतो.

परवा पथारीवर, जिथवर नजर जाते तिथवर लाल,
सिंगीबाईला विचारलं,
आग होत असेल ना हातांची?
तिने देठ खुडला, मिरची टाकली,
तळहाताकडे पाहिलं,
दुसऱ्या कोणी विसरून ठेवलेल्या वस्तूकडे पाहावं तसं.
सवय झाली, भाऊ.

पुढे मी काय बोलणार?
या उत्तरावर काय लिहून देतात,
किती आठवडे, कशाच्या आधी?

आज सतरावा दिवस. चूल विझत आलीय.
वरण-भाकरी खातो, अळणी, लहान पोरासारखी.
काल पाण्याला चव लागली. कसली, ते सांगता येत नाही.
बाजारात जातो अजून. मोडतो, हुंगतो,
जिभेवर ठेवत नाही.
शेटजी माझे कोरडे डोळे बघतात
आणि भाव थोडा अडतो.

ट्रॉली वळणाआड गेली.
बारा मिनिटं आहेत.
आत कपबशी वाजली.